न चालणाऱ्या कार्ट्रिजमधले तळे

लेखन हा माझा प्रांत नव्हे. सेवानिवृत्तीपर्यंत रसायनशास्त्र शिकवले आणि फळ्यापलीकडे काही लिहिण्याचे धाडस कधी केले नाही. या सदरात अनुभवी मंडळी लिहितात, तेथे माझ्यासारखीने जागा अडवावी, याबद्दल आधीच क्षमा मागते. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे, असे ठामपणे म्हणवत नाही... केवळ जे पाहिले, ते सांगते.

नागपुरात मनीषनगरला आमचा फ्लॅट आहे. मी, आई आणि धाकटा भाऊ विनोद असे तिघे राहत होतो. विनोदला जुन्या व्हिडिओ गेम्सचा नाद. त्याचे यंत्र युरोपात विकले गेलेले आणि बहुतेक कार्ट्रिज, म्हणजे खेळाच्या कॅसेट, जपानहून मागवलेल्या. अशी परदेशी कार्ट्रिज यंत्रात आकाराने नीट बसते, पण यंत्र तिच्यातली चिप तपासते. चिप परक्या प्रदेशाची निघाली, की पडदा काळाच राहतो. त्यावर उपाय म्हणून विनोदकडे एक अडॅप्टर होता. पुढे जपानी कार्ट्रिज लावायची, मागे युरोपातली. मागचीने यंत्राला ओळख पटवायची आणि पुढचीने खेळायचे. “मागची जामीनदार आहे,” असे तो आईला समजावून सांगे.

होय, आईलाच. ऐंशी उलटलेल्या माझ्या आईला त्यातला मासेमारीचा एक खेळ फार आवडे. जपानी अक्षर एक वाचता येत नसे, पण दुपारी कूलरसमोर दोघे बसत. त्या खेळात एकाने गळ टाकायचा आणि दुसऱ्याने नाव वल्हवायची. आईचा रिमोट गळाचा, विनोदचा वल्ह्याचा. दुसऱ्या रिमोटशिवाय नाव काठावरून हलतच नाही.

“सक्करदऱ्याच्या तलावात याहून बरी बोट चालवतेत गा!” आई म्हणायची. “मले चक्कर येऊन राहिली.”

“माय, तू गळ टाक ना. तुह्या तोंडानंच मासे पळून राहिले.”

“जपानचे मासे, त्याइले माह्यं बोलणं काय समजते?”

मी बाजूच्या खोलीत वाचत बसे आणि हसू आवरत नसे.

गेल्या वर्षी अडॅप्टरचा एक टाका निघाला. सावनेरपलीकडे खाप्याला विनोदचा मित्र प्रवीण राहतो, त्याला डाग देऊन तारा जोडण्याचे काम छान जमते. विनोद मोटारसायकलवर त्याच्याकडे गेला. अडॅप्टर दुरुस्त झाला. परतताना सावनेर रस्त्यावर ट्रकने... विनोद घरी आला नाही. पोलिसांनी दिलेल्या पिशवीत हेल्मेट होते, घड्याळ होते. अडॅप्टर नव्हता.

आई रडली नाही. तिने जेवणच जवळजवळ सोडले. दुपार झाली, की त्या टीव्हीसमोर जाऊन बसे.

“एक डाव लावून दे वं, सुषमा.”

“आई, ते आता चालत नाही.”

“त्याच्यासंगं एकदा नावेत बसू दे. मंग मी काही मागत नाही.”

मी कार्ट्रिज लावायची. पडदा काळा. आई थोडा वेळ त्या काळ्या काचेकडे पाहून उठायची. प्रवीणने दुसरा अडॅप्टर खूप शोधला, मिळाला नाही.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. विनोदच्या खोलीतून त्या खेळाची धून ऐकू आली. मी दारापाशी गेले. यंत्रात जपानी कार्ट्रिज थेट बसवलेली होती. पडद्यावर निळे तळे होते आणि नाव काठापासून दूर, पाण्याच्या मध्यावर होती. खडकाला वळसा घालून ती सावकाश पुढे चालली होती. आईच्या हातात गळाचा रिमोट. दुसरा रिमोट फळीवर होता, वायर गुंडाळलेली, यंत्राला न जोडलेला.

“आई...”

“हळू बोल वं,” ती मागे न पाहता म्हणाली. “मासा लागला.”

मासा वर आला. आई हसली, कितीतरी महिन्यांनी. मग पडद्याकडे पाहत म्हणाली, “आता काठाले घे गा. थकली मी.”

नाव वळली. काठाला लागली.

आईने काचेवर हात ठेवला आणि ती रडू लागली. रडणे ओसरल्यावर तिने स्वतःच बटण बंद केले.

प्रवीणने येऊन यंत्र उघडून पाहिले. कार्ट्रिजची ओळख तपासणारी यंत्रातली चिप जागेवरच होती. कार्ट्रिज पुन्हा लावली, तर पडदा काळा. “ताई, यंत्र चुकून एखाद वेळी फसू शकते,” तो म्हणाला. “पण नाव काहून चालंल? वल्हं कोणाच्या हातात होतं?” मी भ्रम म्हणू पाहते, पण एकच भ्रम दोघींना कसा व्हावा?

आई आता दोन वेळा जेवते. तो खेळ तिने पुन्हा मागितला नाही. मला मात्र ती दुपार सोडत नाही. माझाही तो भाऊ होता, आणि आईने हळू म्हटले म्हणून मी दारातच गप्प उभी राहिले. तुम्हीच सांगा — मी त्याला एक हाक मारली असती, तर त्याने ऐकली असती का?