इन्स्पेक्टरची बायको आणि माझे पपा

गेल्या शनिवारी सकाळी, ऑस्ट्रेलियात डार्विनमधल्या आमच्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये, मी माझ्या त्र्याहत्तर वर्षांच्या पपांवर ओरडले. कारण काय, तर एक डिटेक्टिव्ह कादंबरी! लिहितानाही लाज वाटतेय...

पपा वसईहून तीन महिन्यांसाठी आलेत. मम्मी जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून ते तिकडे एकटे राहतात आणि पुढच्या महिन्यात परत एकटेच राहायला जाणार म्हणतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट लागतो... पपा एकटे राहू शकतील का, याचासुद्धा.

म्हणून मी फोनमध्ये गुपचूप एक यादी सुरू केली. चष्मा फ्रीजवर विसरले. चहात दोनदा साखर घातली. माझ्या मुलीला, तान्याला, माझ्या नावाने हाक मारली. (मी तिला कधीकधी कुत्र्याच्या नावाने हाक मारते, पण ते यादीत नाही.)

वेट सीझनच्या, म्हणजे इथल्या पावसाळ्याच्या, उकाड्यात पपांचा वेळ जाईना, म्हणून मीच त्यांना लायब्ररीची सवय लावली. तिथे त्यांना जुन्या ब्रिटिश डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची एक सिरीज सापडली. बारा पुस्तकं, दर पुस्तकात नवा खून आणि खुनी पकडणारा तोच एक पोलीस इन्स्पेक्टर. पहिल्या दिवशी शेल्फवर फक्त नववं होतं, तेच घेऊन आलो. मग मी हुशारी करून दहा, अकरा, बारा मागवून त्यांच्या उशाशी ठेवून दिली.

पपा रोज जेवताना इन्स्पेक्टरची खबर द्यायचे. पहिल्या आठवड्यात म्हणाले, बिचाऱ्याची बायको गेली, रात्री घरी येऊन डब्यातले सार्डिन मासे खातो. आम्हाला वाईट वाटलं.

दोन आठवड्यांनी म्हणाले, आज इन्स्पेक्टरला फार उशीर झाला, बायकोने जेवण ओव्हनमध्ये झाकून ठेवलं होतं. माझा घास हातातच राहिला...

"पपा, ती गेली ना?"

"हो, गेली ना," म्हणाले आणि शांतपणे भात कालवायला लागले.

मला काही टोटल लागेना. त्यानंतर तर कहरच. इन्स्पेक्टरचा पेन्शनीत निघालेला सार्जंट महिन्याभरात नवीन भरती झाला. बायकोच्या गुडघेदुखीचं एकाएकी काय झालं कोण जाणे, बाई चक्क टेनिस खेळायला लागली! पपा हे सगळं इतकं खुशीत सांगायचे की मला धडकीच भरली. यादीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गोष्टींची सरमिसळ'. जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली आणि पपांचं परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का, तेही बघून ठेवलं.

आणि शनिवारी पपा काउंटरवर जाऊन शुद्ध इंग्लिशमध्ये म्हणाले, नंबर टू प्लीज. दहा, अकरा, बारा सहा आठवडे उशाशी तशीच पडलेली, आणि यांना हवं दुसरं! आयुष्यभर पोस्टात खिडकी आणि पत्रांचं सॉर्टिंग सांभाळलेला माणूस. एक ते बारा आकडे लावता येऊ नयेत? पार्किंगमध्ये माझा तोल सुटला. पपा, तुम्हाला काही कळतंय का, असं मी खरंच म्हणाले.

पपा पुस्तक छातीशी धरून गाडीत जाऊन बसले. रोज शाळेनंतर त्यांच्याबरोबर लायब्ररीत जाणारी तान्या मात्र माझ्याकडे बघत म्हणाली, "मम, ही इज नॉट कन्फ्यूज्ड. यू आर. ही इज जस्ट गोइंग बॅकवर्ड्स."

मी एसी लावला, गाडी काही सुरू केली नाही. बॅकवर्ड्स म्हणजे काय, ते मला अजूनही कळलं नव्हतं. मग पपाच हळूच बोलले.

"नवव्यात पहिल्याच पानावर ती गेली, बाय. दहाव्यात ती कुठून असणार? म्हणून मी आठवं मागितलं. आठव्यात ती होती. मग सातवं... मागे मागे गेलं की ती प्रत्येक पुस्तकात असते. तरुण होत जाते."

"आणि खुनी?" मी विचारलं.

"तो कोण का असेना."

मी रडले. पपा मात्र रडले नाहीत, टिश्यूचा बॉक्स शोधत बसले. तो त्यांच्याच मांडीवर होता.

पहिलं वाचून झालं की काय करणार, मी विचारलं. म्हणाले, मग सुलट वाचत येईन. दहा, अकरा, बारा राहिलीत ना... इन्स्पेक्टर एकटा कसा राहतो, ते बघायला हवं.

खरं सांगू? गेलं दीड वर्ष मम्मी आठवली की मला हॉस्पिटलमधला शेवटचा व्हिडिओ कॉलच आठवतो. त्याच्या मागे जाताच येत नाही. पपा सहाव्या, पाचव्या, चौथ्या करत दुसऱ्या पुस्तकापर्यंत गेले आणि मी नवव्याच्या पहिल्या पानावर अडकलेय... आणि वर डॉक्टर त्यांनाच दाखवणार होते.

अपॉइंटमेंट रद्द केली. तिकीट आहे तसंच ठेवलंय.

त्या दिवशी मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी घेतली आणि पपांना म्हटलं, मम्मीचं सांगा, पण उलटं. आधी तिचा शेवटचा ख्रिसमस आला. मग तान्या झाली तेव्हा तिने आणलेली आणि इथल्या एअरपोर्टवर कस्टम्सने फेकायला लावलेली सुकट. मग माझं लग्न, मग माझी शाळा... पपांचं एक वर्ष इकडचं तिकडे झालं नाही.

घरी पोचलो तेव्हा मम्मी चोवीस वर्षांची होती. एका हरवलेल्या पत्राची चौकशी करायला पोस्टात पपांच्या खिडकीसमोर उभी होती... आणि माझा तर अजून जन्मही झाला नव्हता.