बेचाळीसपैकी बेचाळीस

"मॅडम, यादी घेतली का?"

किल्ली फिरवण्याआधी आमचे गाडीवाले काका मान वळवून हे विचारायचे. मी फाइल उंच धरून दाखवली की "हव" म्हणायचे आणि मगच गाडी हलायची. मी किराण्यालाही यादीशिवाय जात नाही. अशा बाईला रोज हा प्रश्न विचारणारा माणूस तुमच्या ऑफिसात असेल, तर त्याला जपा.

रायपुरातल्या खासगी दवाखान्यांची तपासणी करणं हे माझं काम. बेचाळीस मुद्द्यांचा छापील नमुना असतो, तीच ही यादी: नोंदणीचा बोर्ड, जिन्याची रुंदी, आग विझवायचं सिलिंडर, कचऱ्याचे रंगीत डबे. माझ्या 'बरोबर'च्या खुणा इतक्या सुबक, की साहेबांनी एकदा माझा कागद नव्या लोकांना दाखवला. त्या कागदाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे.

मी आत डबे मोजायची, तेव्हा काका बाहेर बाकावर बसून पेशंटशी बोलायचे. वडील रेल्वेच्या नोकरीत अकोल्याहून इकडे आलेले, काका पुरानी बस्तीत वाढलेले. त्यामुळे मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तिन्हीत चौकशा चालत.

शंकर नगरातल्या एका क्लिनिकमधून निघालो तेव्हा म्हणाले, "मॅडम, इथं लोक एकमेकाले 'कितवी सुई' म्हणून विचारून राहिले. स्टेम सेलची म्हणतात. लकवा, गुडघे, डोळे, सगळ्याले तीच सुई. असं कसं?"

"काका, ते आपल्या यादीत नाही."

"हव."

रक्ताचे काही आजार सोडले, तर हा उपचार अजून प्रयोगातच आहे. मंजूर चाचणीबाहेर तो देता येत नाही. मला हे माहीत होतं. 'वरिष्ठांना कळवणे' असं मी कामांच्या यादीत लिहिलंसुद्धा. खालून तिसरं. पुढच्या आठवड्यात ते नव्या यादीत उतरवलं, छान अक्षरात.

त्याच दिवसांत एकदा काकांनी आरशातून विचारलं, "ते शंकर नगरवालं आपण पास केलं ना?"

फोनवरची नजर न काढता मी म्हणाले, "बेचाळीसपैकी बेचाळीस."

काकूंना लकवा झाला होता, हे मला ठाऊक होतं. तरी काका हे काहून विचारून राहिले, ते माझ्या लक्षात आलं नाही. काकू तेव्हा काठी टेकत अंगणातल्या नळापर्यंत जायच्या. काकांनी त्यांना शंकर नगरला नेलं, पाठीत तीन सुया झाल्या. तिसरीनंतर ताप चढला, जंतुसंसर्ग झाला. महिनाभर सरकारी दवाखान्यात राहून घरी आल्या, त्या खाटेवरच.

मी भेटायला गेले. माफीचे चार मुद्दे कागदावर लिहून नेले होते. पहिल्यावरच अडले.

"तुमचं काही चुकलं नाही मॅडम," काका म्हणाले. "तुम्ही त्यांचे डबे पाहिले. डबे चांगलेच होते."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. ते मनापासून बोलत होते.

काकू खाटेवरून म्हणाल्या, "त्यायले उभं काहून ठेवलं? चहा तर मांडा."

त्याच संध्याकाळी मी अहवाल पाठवला. क्लिनिकला टाळं लागलं. काकूंचा पाय काही त्याने उचलला गेला नाही. त्यांना उठवायला-बसवायला घरी माणूस हवा, म्हणून काकांनी निवृत्तीआधीच नोकरी सोडली.

नव्या ड्रायव्हरने पहिल्या दिवशी मी बसल्याबरोबर गाडी काढली. भनपुरीजवळच्या एका नव्या क्लिनिकच्या दारात उतरले आणि पाहते तर हातात नुसती पर्स. यादी टेबलावरच राहिली होती.

डॉक्टर लगबगीने पुढे आले. "आइए मॅडम, पहले डस्टबिन देख लीजिए."

मी बाकावर बसले, काका बसायचे तशी. शेजारी एक बाई काठी मांडीवर आडवी धरून बसली होती.

"दीदी, कौन-सी सुई है आपकी?"

"दो हो गईं," ती म्हणाली. "तीसरी आज है।"

मी तिचा हात धरला आणि बसल्या जागेवरूनच डॉक्टरांना म्हटलं, "डिब्बे बाद में। पहले बताइए, सुई में क्या है?"