धाकटीचा दीड नमस्कार

चैत्रातला शेवटचा मंगळवार, जुनी हुबळी. हजर: मी, माझी धाकटी जाऊ, भावजी म्हणजे तिचे यजमान, सासूबाई, शेजारच्या अक्का, आणि पुढे जमत गेलेले रस्त्यावरचे लोक.

लेकीला विद्यानगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून धाकटीने देवीला दीड नमस्कार बोलला होता. इकडे दंडवत घालत जाण्याला तसं म्हणतात. ओल्या साडीत रस्त्यावर पालथं पडायचं, हात लांबवून रेघ ओढायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं, परत पालथं. घरापासून देवळापर्यंत असंच. पहाटे निघायचं ठरलं होतं. पाहुण्यांची वाट बघण्यात ऊन चढलं. तिचा निर्जळी उपास. भावजी घागरीने तिच्यावर पाणी ओतत होते, मी पुढचे खडे वेचत होते.

अर्ध्या रस्त्यात तिची रेघ वाकडी जायला लागली. मग ती उभी राहिली आणि झुलू लागली. नजर भलतीकडेच. "तवा उतरवा, करपतंय," म्हणाली. ती एका खानावळीत भाकऱ्या करायची.

"तायी बंदाळ!" अक्का ओरडल्या. आई आली, म्हणजे देवी अंगात आली.

सासूबाईंनी भावजींना घागर खाली ठेवायला लावली. "आता पाणी नको रे. आईला अडवू नये."

लोक जमले. कुंकू लागलं, लिंबं आली. एका बाईने पदर पसरला. "आई, माझ्या पोराचं लग्न कधी?"

"डबे भरा," धाकटी म्हणाली.

"बघ, जेवणावळच सांगितली! आता हॉल बघायला लाग," अक्का म्हणाल्या.

"माझ्या पेन्शनचंही विचारा की," मागून एक म्हातारा म्हणाला. लोक हसले.

सगळे पाया पडत होते, म्हणून मीही वाकले. पावलाचा चटका बसला. डांबराने तापलं असेल म्हणून पोटरीला हात लावला. तीही तशीच, आणि साडी वाळून कडक झालेली.

"भावजी, ओता पाणी!"

ते सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. घागर मीच उचलली. तेवढ्यात ती कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी उष्माघात म्हणून सांगितलं. सारखं पडून उठताना स्नायू अंगातली साठवलेली साखर जाळतात. त्यातली थोडीच शक्ती हालचालीला लागते, बाकीची उष्णता होते. एरवी घाम ती बाहेर काढतो. अंगात पाणी नाही आणि वर ऊन, मग ती आतच साठते. मेंदूला लागली की माणूस भलतंच बोलतं. स्नायूही फुटतात आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. धाकटीच्या पिशवीतली लघवी काळ्या चहासारखी दिसत होती. निघताना बाई म्हणाल्या, "आता हिला उन्हात जपा. एकदा झालेल्याला पुन्हा लवकर होतं."

ती वाचली. मूत्रपिंडांसाठी लावलेलं डायलिसिस थांबलं, पण चुलीपुढे उभं राहवत नाही, खानावळ सुटली. मंगळवारी बायका तिला कुंकू लावायला येतात. पदर पसरलेल्या बाईच्या मुलाचं लग्न ठरल्यापासून जास्तच. ती भिंतीला टेकून बसते आणि नमस्कार घेते.

"जाऊबाई, मी काय बोलले ते आठवत नाही मला," परवा ती मला म्हणाली. "आईच बोलली असेल, नाही? अर्धा रस्ता राहिलाय. येत्या चैत्रात पुरा करते."

सासूबाईंनी त्यासाठी हिरवी साडी आणून ठेवली आहे.

ते उष्माघाताचं बोलणं होतं, देवीचं नव्हे, एवढंच मला तिला सांगायचं आहे. दोनदा तिच्यापुढे जाऊन बसले. दोन्ही वेळा कुणीतरी कुंकू घेऊन दारात आलं, आणि तिचा चेहरा जरा उजळला. अजून सांगितलेलं नाही.