थाळी चिकटली नाही तेव्हा

आमचे थाळीमामा माणूस पाठीवरून ओळखत. चेहरा त्यांच्या लक्षातच राहत नसे. वडनेर भोलजीच्या बाजारात कुणी रामराम घातला, की म्हणत, "पाठ फिरव बरं!" पाठ दिसली की नाव, गाव आणि चावलेल्या कुत्र्याचा रंगसुद्धा सांगत.

कुत्रं चावलं की माणूस आधी मामांच्या ओसरीवर येई. कुणी जखमेत तिखट भरून, कुणी सात विहिरींत डोकावून. मामा उघड्या पाठीवर काशाची थाळी दाबत. चिकटली म्हणजे विष आहे, काही वेळानं गळून पडली म्हणजे उतरलं. मग मामा हळूच शेपूट जोडत, "हे अर्धंच उतरलं. बाकीचं दवाखान्यातल्या सुईनं उतरते. नाही गेला, तर माही थाळी उलटते!" पोटातल्या चौदा सुयांच्या जुन्या गोष्टींनी धास्तावलेली माणसं डॉक्टरचं ऐकत नसत. उलटणाऱ्या थाळीला भिऊन मात्र पहिली एसटी धरत.

मग एका लाळ गाळणाऱ्या कुत्र्यानं माझ्या थोरल्या भावाची पोटरी फोडली. मामांनी त्याच्या पाठीवर थाळी दाबली. ती टणकन फरशीवर! पुन्हा दाबली. पुन्हा टणकन! तिसऱ्यांदा मामांच्या कपाळावर घाम फुटला. भावाची पाठ कोरडी ठणठणीत.

"विषच नाही बे!" भाऊ सदरा चढवत मला म्हणाला. "चाल, पऱ्हाटीच्या वावरात निंदण पडलं हाय."

वहिनीनं देवाला हात जोडले. मी मामांकडं पाहिलं. थाळी चिकटलीच नाही, तर याला सुईला पाठवणार कसं?

मामा दारात आडवे उभे राहिले. "थाळी खोटी हाय."

"काय म्हणता मामा?" भावानं विचारलं.

"घामानं चिकटते ते. माह्या बापाच्या पाठीले बी नव्हती चिकटली. मीच दाबली होती. महिन्यानं पाण्याचा गिलास पाहून किंचाळला तो. सुई घे गड्या, तुह्या पाया पडतो."

आणि सत्तरीचा तो माणूस सगळ्यांदेखत खरंच वाकला. भाऊ पांढराफटक पडला. मामांनी त्याची जखम साबणानं धुतली आणि त्याच दुपारी आम्ही दवाखाना गाठला. सगळ्या सुया घेऊन तो आजही निंदणावरून माझ्याशी भांडतो.

मामांची ओसरी मात्र ओस पडली. थाळ्या खोट्या, असं कुणालाच वाटलं नाही. मामांच्या थाळीतला गुण गेला, एवढंच गावानं ठरवलं. माणसं जळगाव जामोदकडच्या दुसऱ्या थाळीवाल्याकडे जाऊ लागली. मग मामाही रोज तिकडची एसटी धरत, त्याच्याच फाटकाबाहेर बसत आणि निघणाऱ्या प्रत्येकाला गाठत. "काऊन बे, चावलं ना? चाल, दवाखान्यात जाऊ." त्या थाळीवाल्यानं शिव्या दिल्या, एकदा धक्काही मारला. मामा धोतर झटकून चार हात पलीकडे बसले.

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. तेरवीला तो थाळीवाला आला, पंगतीत जेवला. हात धुतल्यावर मला गोठ्यामागे नेऊन त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"भाऊ, तो सुईचा दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा राह्यते?"

त्याच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं. मी मोटारसायकल काढली.