छत्रीचं शोक शस्त्र

मी फौजेत हवालदार होतो. शेवटची पोस्टिंग बर्फातल्या चौकीवर. तिथं एका पहाटे कडा कोसळला. नाईक सोपान आणि शिपाई भागा त्याखाली गाडले गेले. हेलिकॉप्टर येईना. वायरलेस सेटवर एकच जवाब, "वेदर खराब. वेट. ओव्हर." उरलेल्यांनी तिथंच शोक शस्त्र केलं. म्हणजे रायफल उलटी करून नळी बुटावर टेकवायची, हात वर दस्त्यावर, मान खाली. तेव्हापासून कुठल्याही फौजीच्या स्मारकाचा दगड दिसला की मी ते करतो. रायफल नाही तर काठी, काठी नाही तर छत्री. बायको शांता तेवढा वेळ माझी पिशवी धरून उभी राहायची. ती यंदा गेली. म्हणून लेक निशाने मला अमेरिकेत तिच्या घरी, पिस्कॅटवेला आणलं.

एका रविवारी तिने पेनसिल्व्हेनियात नेलं. ह्या लोकांच्या आपसातल्या जुन्या उत्तर-दक्षिण लढाईचा दगड आहे तिथं. चांगला उंच, खाली मेलेल्यांची नावं. निशा कार पार्क करायला गेली. मी लांब काळी छत्री खांद्याला लावली, सलामी दिली, उलटी केली, मान खाली घातली.

"पोलीस! ड्रॉप इट!"

रस्त्यावरून कोणीतरी फोन केला होता, बंदूकवाला म्हातारा आहे म्हणून. मला ते नंतर कळलं. मान वळवली तर पिस्तूल माझ्यावर. इंग्रजी समजलं. पण हत्यार टाकायचं नसतं, ठेवायचं असतं. ते हाडात बसलंय. मी वाकून ठेवायला लागलो.

"डोन्ट मूव्ह! ड्रॉप इट!"

तेवढ्यात निशा पळत आली. "ही इज माय डॅड! इट्स ॲन अंब्रेला!"

पोलीस तिच्याकडे वळला. पिस्तूलही वळलं.

परेडवर ओरडतात तसा ओरडलो. "निशा, थम!"

लहानपणी रस्ता ओलांडताना हाच हुकूम असायचा. ती जागच्या जागी थांबली. मी छत्री फेकून दिली. हात वर केले.

पोलिसाने छत्री उघडून बघितली. पोरगेलाच होता.

"आर्मी, सर?"

"हवालदार. इंडियन आर्मी. रिटायर्ड."

"प्लीज, नेव्हर डू दॅट अगेन," म्हणाला आणि गेला.

निशा पायरीवर बसली. "बाबा, गोळी घातली असती त्याने! काय नीड होती?"

"घातली नाही ना."

"कोणासाठी चाललं होतं हे?"

सोपानचं सांगितलं. भागाचं सांगितलं.

"आणि आई?"

"ती फौजी नव्हती."

"तुम्ही बॉर्डरवर, ती एकटी. तिला कधी रजा मिळाली, बाबा?"

सावधान उभा राहिलो. निशा शेजारी आली.

"नाईक सोपान," मी म्हणालो. "शिपाई भागा."

पुढचं नाव तोंडातून निघेना. ते निशाने घेतलं.