वगदीनं गाळलेल्या दोन ओळी

अलेक्झांड्रियाच्या बाजारांत पस्तीस वर्षं वजनं-मापं तपासायची सरकारी नोकरी केल्यावर माणसाचं जे व्हायचं तेच वगदीचं झालं होतं. समोर काहीही आलं, तरी ते कुठे कमी भरतंय हे त्याला आधी दिसायचं. पाव हातात घेतला की तो तळहातावर झुलवून बघणार. शुक्रवारचं प्रवचन लांबलं की घड्याळ काढून बघणार. बायको होती तेव्हा शेजारणींना सांगायची, "आमच्याकडे पाहुणा आला की हे आधी त्याचं माप काढतात, मग खुर्ची देतात."

असल्या माणसाला परग्रहावरच्या आणि जिन्नांच्या गोष्टींचं वेड असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण होतं, आणि साधंसुधं नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, तिसऱ्या प्रहराची नमाज आटोपली की वगदी इस्त्रीचा सदरा घालून, खिशात भाजलेल्या बियांची पुडी टाकून ट्रामनं कॅम्प शेझार भागात जायचा. तिथे मदाम तहिया या विधवा बाईंच्या दिवाणखान्यात 'उद्याचं मंडळ' भरायचं. सोळा माणसं. त्यात शिक्षिका होत्या, एक दातांचा डॉक्टर होता, बंदरावरचा एक क्रेनवाला होता. सगळे घरी बसून गोष्टी लिहायचे आणि इथे येऊन एकमेकांच्या ऐकायचे.

मंडळाची रीत कडक होती. गोष्टीवर नाव घालायचं नाही. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून सगळ्यांच्या गोष्टी एकच माणूस टाइप करायचा: शुक्री. कोर्टाजवळ त्याचं टायपिंगचं दुकान होतं, दिवसभर तो लोकांचे अर्ज आणि घटस्फोटाचे कागद बडवायचा. कुठली गोष्ट कुणाची हे एकट्या शुक्रीला ठाऊक असायचं, आणि एकोणीस वर्षांत त्याच्या तोंडून एक नाव फुटलं नव्हतं. स्वतः तो लिहीत नसे. खुर्च्या मांडायचा, चहाचे ग्लास विसळायचा, कोपऱ्यात बसून ऐकायचा. वगदीचा तो शाळेपासूनचा मित्र.

गोष्टी वाचून दाखवायचा मान वगदीचा. आवाज खर्जातला, दमदार. वाचून झालं की जो तो गोष्टीतलं भोक शोधायचा, म्हणजे रचलेल्या जगात न पटणारी जागा. लेखकानं त्या वेळी तोंड उघडायचं नाही, चेहराही हलवायचा नाही. मग हात वर व्हायचे. निम्म्याहून जास्त हात आले तर लेखकाचं नाव जाहीर. नाही आले तर कागद पियानोवर ठेवून सगळे गच्चीत जायचे, आणि एकेकानं आत येऊन आपापला चहा घ्यायचा, दार लोटून. पडलेल्या गोष्टीचा धनी आपली पाळी आली की कागद गुपचूप उचलायचा. कोण पडलं हे कुणालाच कळायचं नाही. इतकी सभ्य रीत दुसऱ्या कुठल्या मंडळात असेल असं मला वाटत नाही.

वर्षअखेरीला सगळ्यात जास्त हात मिळालेली गोष्ट मंडळाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर छापायची, आणि तिच्या लेखकानं कैरोच्या मोठ्या मेळाव्यात ती वाचायची. अकरा वर्षं ते पहिलं पान वगदीचं होतं. स्वतःची गोष्ट तो अशी काही वाचायचा, की नाव जाहीर व्हायच्या आधी मदाम तहियांच्या मांजरीलासुद्धा ती कुणाची ते कळत असावं.

मग नेवीन आली.

नेवीन बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. तिशीसुद्धा ओलांडली नसेल. पहिल्याच गोष्टीला तिनं बारा हात मिळवले, दुसरीला चौदा. आणि वगदीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल, तर त्या गोष्टी त्यालाच वाचाव्या लागायच्या. त्याच्या आवाजात तिची वाक्यं बाहेर पडायची आणि दातांचा डॉक्टर डोळे पुसायचा. घरी आल्यावर वगदी आपल्या गोष्टी काढून वाचायचा, आणि त्याला त्या एकाएकी सरकारी अहवालासारख्या वाटायला लागायच्या. गेल्या वर्षी पहिलं पान तिला गेलं. त्यानं टाळ्या वाजवल्या, मिठाई खाल्ली, आणि आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही.

या वर्षी त्याच्या वसंतातल्या गोष्टीला अकरा हात होते. तेवढे दुसऱ्या कुणालाच नव्हते. नेवीननं वर्षभर काही दिलंच नव्हतं, निदान वगदीचा तसा अंदाज होता. आता डिसेंबरची शेवटची बैठक उरली होती. ती पार पडली की पान त्याचं.

बैठकीच्या आदल्या दिवशी तो शुक्रीच्या दुकानात जाऊन बसला.

"काय रे, उद्याला काय आलंय?"

"एकच आलीय." शुक्रीनं यंत्रातून कागद काढला नाही की वर बघितलं नाही.

"लांब आहे?"

"सहा पानं."

"बाईची आहे का बुवाची, एवढं तरी सांगशील?"

"वगदी, तुझं वय किती? अरे, नातवंडं आहेत तुला." शुक्री हसला. मग बोटं चोळत म्हणाला, "उद्या जरा नीट वाच हं. घाई नको करूस."

वगदी काय समजायचं ते समजला. हासुद्धा नेवीनच्या बाजूचा! एकोणीस वर्षांत कुणाच्या गोष्टीसाठी शुक्रीनं शब्द टाकला नव्हता, माझ्यासाठीही नाही, आणि आता त्या पोरीसाठी 'नीट वाच'. परतताना ट्राममध्ये सबंध वाटभर तो जळफळत उभा राहिला, बसायला जागा असून.

शुक्रवारी मंडळ भरलं. वगदीनं चष्मा लावला, पानं हातात घेतली आणि वाचायला लागला.

गोष्ट चंद्रावरच्या एका शहराची होती. तिथले लोक आपले आवाज काचेच्या बरण्यांत भरून एकमेकांना पाठवतात, आणि एक हमाल त्या दारोदार पोचवतो. कुणाचं भांडण, कुणाचं अंगाईगीत, कुणाची माफी. सगळं तो पाठीवर वाहतो. त्याला स्वतःला मात्र कधी बरणी येत नाही.

पहिलं पान संपेपर्यंत वगदीची खात्री पटली. आवाज, बहिरी मुलं, नेवीन! अजून काय पुरावा हवा? त्यानं डोळ्याच्या कडेनं बघितलं. ती गालावर हात ठेवून, जरा पुढे झुकून ऐकत होती. वा, काय सोंग! आणि गोष्ट चांगली होती, हे त्याला तिसऱ्या वाक्यालाच कळलं होतं. तेच तर दुखणं होतं. याला तेरा हात येणार, चौदा येणार. कैरोच्या व्यासपीठावर पुन्हा तीच उभी राहणार, आणि आपण खाली बसून टाळ्या वाजवणार.

दुसऱ्या पानाच्या मधोमध दोन ओळी होत्या. 'शहरावर काचेचा घुमट होता. घुमटाखाली हवा इतकी भरलेली, की कुणी शिंकलं तरी चार घरं पलीकडचा माणूस दुवा द्यायचा.'

वगदीची नजर त्या ओळींवर पडली आणि पुढे सरकली. तोंडातून त्या बाहेर आल्याच नाहीत. हे त्यानं ठरवून केलं का? पुढे कितीदा तरी त्यानं स्वतःला हे विचारलं असेल. पण खरं सांगायचं तर पुढच्या ओळीवर जाताना त्याला नेमकं माहीत होतं आपण काय करतोय ते. पस्तीस वर्षं तो दुकानदारांचे तराजूवर दाबलेले अंगठे पकडत आला होता, आणि आज त्यानं आपला अंगठा ठेवला.

बाकीची पानं त्यानं रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तशी वाचून टाकली. शेवटी हमालाच्या हातून एक बरणी फुटते, आणि आतून कुणीतरी त्याचंच नाव घेऊन हाक मारतं. ती बरणी वर्षानुवर्षं त्याच्याच पाठीवर फिरत असते, कारण हमालाला बरणी पोचवणार कोण? हे वाक्यसुद्धा वगदीनं एका दमात, सपाट म्हटलं, आणि चष्मा काढला.

"मला एक कळलं नाही," तो म्हणाला. "चंद्रावर हवा नाही. बरोबर?"

"बरोबर," दातांचा डॉक्टर म्हणाला.

"मग हाक ऐकू कशी आली? बरणी फुटली तर फुटली. हवा नाही तिथे आवाज कसला?"

खोलीत खसखस पिकली. क्रेनवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, "गेली बरणी! उस्ताद, तुमच्या नजरेतून माशीसुद्धा सुटायची नाही."

"एवढी साधी गोष्ट लिहिणाऱ्याला सुचू नये?" वगदीला आता थांबवेना. "शाळेतलं पोर सांगेल. आपल्या मंडळाची काही पातळी आहे की नाही?"

मदाम तहियांनी हात मागितले. फक्त पाच वर झाले. त्यातला एक नेवीनचा. स्वतःच्याच गोष्टीला, तेही इतका ताठ हात! वगदीला तिच्या निर्लज्जपणाची कमाल वाटली आणि मनातून गार गारही वाटलं. पान त्याचं झालं होतं.

कागद पियानोवर ठेवले गेले. मंडळी गच्चीत गेली. वाचून घसा सुकतो म्हणून चहाची पहिली पाळी नेहमी वगदीची असायची. त्यानं ग्लास उचलला, आणि रीतीप्रमाणे गच्चीत परत जायच्या ऐवजी तो स्वयंपाकघरात शिरला आणि दार लोटून फटीला डोळा लावून उभा राहिला. साठी उलटलेला माणूस, कांद्यांच्या टोपलीशेजारी, पायात मांजर घोटाळतंय. पण तिचा पडलेला चेहरा त्याला बघायचा होता. दोन वर्षांची भरपाई हवी होती.

एकेक जण आला, चहा घेऊन गेला. मग नेवीन आली. तिनं ग्लास घेतला, पियानोपाशी थांबली. कागदांकडे बघत राहिली. हातसुद्धा लावला नाही. मग साखरेसाठी तडक स्वयंपाकघराकडे वळली आणि दार उघडलं.

"अगंबाई! उस्ताद, तुम्ही इथे?"

"मी... मांजराला दूध." वगदीनं मांजराकडे बोट दाखवलं. मांजर निघून गेलं.

"कुणाची असेल हो ती गोष्ट?" नेवीननं साखर घालता घालता विचारलं. "विचारू नये, माहितेय. तुम्ही म्हणता ते हवेचं बरोबर असेल, पण मला नाही वाटत त्यानं काही बिघडतं. खरं सांगू? मला हेवा वाटला. ती बरणी त्याच्याच पाठीवर असते ना, ते ऐकलं आणि वाटलं, हे मला का नाही सुचलं? इतका राग आला मला, म्हणून हात वर केला."

ती गेली. वगदी तिथेच उभा राहिला. तिची नाही? मग कुणाची? चहा घेऊन गेलेली माणसं तो बोटांवर मोजायला लागला. सगळी झाली होती. कुणीच कागद उचलला नव्हता.

गच्चीचं दार पुन्हा वाजलं. शुक्री दिवाणखान्यात आला. त्यानं चहाकडे बघितलं नाही. सरळ पियानोपाशी गेला, सहा पानं जुळवली, चार घड्या घातल्या, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरचं बटण लावलं.

वगदीच्या हातातला ग्लास ओट्याला लागून खणकन वाजला.

शुक्रीनं वळून स्वयंपाकघराच्या अर्धवट उघड्या दाराकडे बघितलं. गच्चीतून क्रेनवाल्याचं हसणं ऐकू येत होतं.

"दुसऱ्या पानावरच्या दोन ओळी सुटल्या तुझ्याकडून," शुक्री म्हणाला. आवाज नेहमीसारखाच.

वगदीला खोटं बोलता आलं असतं. चष्मा, वय, उजेड, काहीही. पण पन्नास वर्षांच्या मित्रासमोर ते ओठांवर येईना. "सुटल्या नाहीत," तो म्हणाला. "गाळल्या."

"हं."

"अरे, मला वाटलं नेवीनची आहे! शपथ घेऊन सांगतो, तुझी आहे हे माहीत असतं तर..."

"तर?"

वगदीनं ग्लास ओट्यावर ठेवला.

"मी आत्ता जातो आणि सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "माझ्या हातून पाप झालं म्हणून सांगतो. पुन्हा वाचतो, जशी वाचायला हवी तशी. पुन्हा हात मागूया."

"आणि ते विचारतील, हे तुला आत्ताच का सुचलं, मग गोष्ट कुणाची ते फुटणारच." शुक्रीनं मान हलवली. "नको. ते पाच हात ना, वगदी, ते गोष्टीला होते. आता पुन्हा वाचलीस तर येतील ते शुक्रीला. बिचारा इतकी वर्षं खुर्च्या मांडतो म्हणून."

"मग मी काय करू?"

शुक्रीनं खालचंही बटण लावलं. थोडा घुटमळला. मग लहान पोरानं विचारावं तसं, खाली बघत त्यानं विचारलं, "कशी होती रे?"

"सुंदर होती," वगदी म्हणाला. "शुक्री, माझ्या अकरा वर्षांतली एकही तिच्या जवळपास येत नाही. खरंच सांगतो. तिसऱ्या वाक्याला कळलं मला. मी जळलो तिच्यावर, म्हणून तर..."

शुक्रीनं त्याच्याकडे नीट बघितलं. एकोणीस वर्षं मंडळात याच माणसाच्या शब्दाला तो सगळ्यात जास्त मानत आला होता.

"आता तू असंच म्हणणार," तो म्हणाला, आणि आपला चहा घेऊन गच्चीत गेला.