साडेबाराची घंटा

सुमनबाईंपुढे कुणी उशिराचं कारण सांगू लागलं की त्या ते शेवटपर्यंत ऐकून घेत. मध्ये एक शब्द बोलत नसत. सांगणाऱ्याला वाटे, चला, बाईंना पटलं. मग त्या पदराला हात पुसत विचारत, "झालं सांगून? पातेलं घासून पालथं घातलंय. पुढच्या रविवारी वेळेवर या."

नाशिकच्या एका मिशन बोर्डिंगात त्यांनी अडतीस वर्षं दोनशे मुलींचा स्वयंपाक केला होता. तिथे जेवणाची घंटा झाली की पाचव्या मिनिटाला दार बंद. आत ती आत, बाहेर ती उपाशी. बाई रिटायर झाल्या तेव्हा बोर्डिंगात विजेची बेल आली होती, म्हणून जुनी पितळी घंटा बाईंनाच निरोपाला दिली. शाल-नारळापेक्षा बाईंना त्या घंटेचंच कौतुक जास्त. ती घेऊन त्या पिंपळगाव बसवंतला आल्या आणि महामार्गाच्या अलीकडे एका जुन्या कांद्याच्या शेडशेजारी खोली घेऊन राहिल्या. त्या शेडमध्ये दर रविवारी ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची.

मंडळी लहान. ओझरच्या विमान कारखान्यातली दहा-बारा घरं, दोन शिक्षक, एक नर्स. सगळी तीन पिढ्यांची ख्रिस्ती, इस्त्रीच्या कपड्यांतली. पाळक होते योगेश, वयानं तिशीचे, बोलायला गोड आणि जरा स्वप्नाळू. पहिल्या शतकातली विश्वासू, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी, माणसं कशी राहायची यावर त्यांचा भारी जीव. त्यांना ना देऊळ होतं ना इमारत, घरोघरी जमायची, जे असेल ते मध्ये ठेवायची आणि एकत्र जेवायची. मग आपणही तसं का करू नये, असं म्हणून त्यांनी उपासनेनंतरचं जेवण सुरू केलं. कुणी तांदूळ आणी, कुणी डाळ, कुणी मेथीच्या जुड्या. पण पाळकसाहेबांच्या राज्यात कधी भात कच्चा तर कधी वरण करपलेलं. सुमनबाई आल्या आणि दुसऱ्याच रविवारी चूल त्यांच्या ताब्यात गेली. बाराला उपासना संपे, साडेबाराला घंटा, सव्वाला भांडी घासलेली. सगळे खूश होते.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. द्राक्षांचा हंगाम लागला तशी सुरगाण्याकडची मजुरांची टोळी एका बागेत उतरली. मुकादम सहादू. टोळीतल्या आठ-दहा जणांनी दोन वर्षांपूर्वी आपल्या पाड्यावर बाप्तिस्मा घेतला होता. पिंपळगावात मंडळी आहे हे कळल्यावर ती माणसं चार किलोमीटर चालत यायला लागली. पण काढणीच्या दिवसांत कसला रविवार? मालक एकला सोडायचा. मग हातपाय धुवायचे नि निघायचं. शेडपाशी पोचेपर्यंत दोन व्हायला आलेले असायचे. पाळकसाहेब त्यांच्यासाठी थांबत, पुन्हा दोन गाणी होत, पुन्हा प्रार्थना होई. जेवण मात्र संपलेलं असे.

आता खोटं कशाला बोला, सुमनबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. त्या सगळ्यांना चहा करून देत, सोबत बिस्किटांचे पुडे. पण वेळ म्हणजे वेळ. एकासाठी नियम मोडला की उद्या सगळेच पाय पसरतात, हे त्यांचं अडतीस वर्षांचं ज्ञान.

टोळीत साळूबाई नावाची एक विधवा होती. पंचविशीची, बारीक अंगाची, सोबत पाच वर्षांची लेक पल्लवी. दर रविवारी साळूबाई फडक्यात बांधलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणायची आणि सुमनबाईंच्या हातात द्यायची. "बाई, सगळ्यांच्यात मिळवा," एवढंच म्हणायची. पाड्यावर तिला सांगितलं होतं ना, की विश्वासू माणसं आपलं आपलं मध्ये ठेवतात. सुमनबाई "बरं हो" म्हणून पुरचुंडी घेत आणि फळीवर ठेवून देत. पांढऱ्याशुभ्र भाताच्या पंगतीत काळी भाकर कोण खाणार? शिवाय नागलीची भाकर त्यांना थापता येत नव्हती, आणि हे मात्र त्या कुणापुढे कबूल करणाऱ्यातल्या नव्हत्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी करिंथ गावच्या मंडळीची गोष्ट घेतली. सुमनबाई नेहमीप्रमाणे चुलीजवळच्या दारात बसून कोथिंबीर निवडत ऐकत होत्या. त्या गावी म्हणे विश्वासू लोक एकत्र जेवायला जमत. खाऊनपिऊन सुखी असलेले लवकर येत आणि पोटभर जेवून घेत. हमाल, गुलाम, राबणारी माणसं काम उरकून येत, तोवर भांडी रिकामी झालेली असत. तिथे मंडळी उभी करणाऱ्या प्रेषित पौलाला हे कळलं तेव्हा तो भयंकर चिडला. ह्याला काय प्रभूचं जेवण म्हणायचं, असं त्यानं पत्रात लिहिलं. जेवायला जमता तर एकमेकांसाठी थांबा, असं बजावलं.

"काय मेली माणसं तरी," सुमनबाई शेजारच्या लताबाईंच्या कानाशी लागल्या. "देवाच्या घरात असली हावरट. माझ्या हाताखाली असती ना, तर सरळ केली असती."

लताबाईंनी मान डोलवली. साडेबारा झाले. सुमनबाई उठल्या आणि त्यांनी घंटा वाजवली.

म्हणतात ना, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. इथं तर मुसळ हातात धरून बाई टोल देत होत्या.

पावणेदोनला टोळी आली. पल्लवी थेट पालथ्या पातेल्यापाशी गेली, वाकून खाली काही आहे का ते पाहिलं आणि आईकडे परतली. सुमनबाई चहाचं आधण ठेवत होत्या. साळूबाई जवळ आली.

"चहा नको, बाई. पुढल्या रविवारपास्नं आम्ही नाय येणार."

"का गं? काय झालं?"

तिच्याऐवजी सहादू बोलला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तिकडं बागेतच बसू आम्ही. गाणी म्हणू. हितं आलं का पाहुण्यावाणी वाटतं, बाई. घरच्यावाणी नाय वाटत."

साळूबाईनं विचारलं, "माझं पीठ थोडं उरलं आसंल का? तिकडं भाकर थापली आसती."

सुमनबाईंनी फळीकडे पाहिलं नाही, पण साळूबाईनं पाहिलं. तिथं तिची फडकी ओळीनं बसली होती. सात. जशी दिली तशी, गाठ न सुटलेली. तिनं एक उतरवलं, नाकाशी नेलं. पीठ खवट झालं होतं.

"एकबी सोडलं नाय व्हय," ती म्हणाली. सातही फडकी ओटीत घेऊन पोरीचा हात धरून निघून गेली.

त्या रात्री सुमनबाई जेवल्या नाहीत. त्यांना एक जुनी गोष्ट आठवत राहिली. तशी ती त्यांनी शंभरदा सांगितली होती, बोर्डिंगातल्या प्रत्येक नव्या मुलीला. त्या स्वतः त्याच बोर्डिंगात शिकत होत्या, आणि नऊ वर्षांच्या असताना आई गेली. देवळ्याला जाऊन आईला माती देऊन परत येताना वाटेत मोटार बंद पडली. बोर्डिंगात पोचल्या तेव्हा घंटा होऊन दीड तास उलटला होता. दार बंद. संध्याकाळच्या घंटेपर्यंत त्या पायरीवर बसून होत्या. "त्या दिवशी मला वेळेची किंमत कळली," असा गोष्टीचा शेवट त्या ताठ मानेनं करत. आज तो शेवट काही केल्या जमेना. आज त्यांना फक्त एवढंच आठवत होतं की त्या पोरीला भयंकर भूक लागली होती आणि कुणीही दार उघडलं नव्हतं. मग आयुष्यभर आपण काय केलं, तर तेच दार दुसऱ्यांसाठी लावत बसलो. पन्नास वर्षांनी सुमनबाई त्या पोरीसाठी रडल्या.

पुढच्या रविवारी साडेबारा वाजले. घंटा झाली नाही. बारा चाळीस. कारखान्यातले फोरमन दिनेशराव घड्याळ बघत आत आले.

"सुमनबाई, साडेबारा होऊन गेले."

"होऊ द्या."

"म्हणजे? मुलं भुकेली आहेत."

"मुलांना केळी देते. मोठ्यांनी थांबायचं." आणि मग बाई चक्क पुढे जाऊन, जिथं पाळकसाहेब उभे राहतात तिथं उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. "ती करिंथची माणसं काही मेली नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यातली एक इथं चुलीपाशी बसते. सहादूची माणसं येईपर्यंत मी झाकण काढणार नाही. ज्याला घाई असेल त्यानं घरी जाऊन जेवावं."

पाळकसाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. दोन कुटुंबं उठून गेली. बाकीचे थांबले, काही मनापासून, काही बाईंच्या धाकानं. दोन वाजले, तीन वाजले. टोळी आली नाही. शेवटी सगळ्यांनी गार भात खाल्ला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दिनेशराव म्हणाले, "बाई, ते येत नाहीत, आणि आपण मात्र उपाशी. ही कुठली रीत?"

नुसतं वाट बघत बसून टोळी येणार नाही हे सुमनबाईंना कळलं. मंगळवारी त्या चालत बागेत गेल्या. साळूबाई कात्रीनं घड उतरवून क्रेटमध्ये मांडत होती. बाईंना बघून तिचा हात थांबला.

"साळू, माझं चुकलं," सुमनबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "तू मध्ये ठेवायला दिलंस आणि मी बाजूला ठेवलं. मला माफ कर."

साळूबाई घडावरची पानं काढत राहिली.

"आणि दुसरं म्हणजे, मला नागलीची भाकर येत नाही. अडतीस वर्षं चुलीपुढे घातली, पण ती येत नाही. शिकवशील?"

हे ऐकून मात्र साळूबाईच्या ओठाचा कोपरा हलला. "शिकाया उशीर नाय झाला का, बाई?"

"झालाय खरा," बाई म्हणाल्या. "पण दार बंद करू नकोस."

साळूबाईनं हातातला घड क्रेटमध्ये ठेवला. मग म्हणाली, "आम्हाला दोन वाजत्यात."

"वाजू देत."

"कधी अडीच."

"मी बसलेय."

रविवारी दोनला पाच मिनिटं कमी असताना सहादूची माणसं शेडच्या दारात आली. आत सगळे रिकामी ताटं घेऊन बसलेले. टोळी दारातच थबकली. पल्लवीनं आईला विचारलं, "आये, हे अजून जेवलं नाय?" साळूबाई पदर खोचून चुलीपाशी गेली, पाणी उकळलं, सोबत आणलेलं पीठ उकडून मळलं आणि तळहातावर भाकर थापू लागली. सुमनबाईंची पहिली भाकर तव्यापर्यंत पोचण्याआधीच मोडली, दुसरीचा नकाशा झाला. दिनेशरावांनी तो नकाशा मागून घेतला आणि मेथीबरोबर खाल्ला, वर आणखी एक मागितली.

तेव्हापासून घंटेची वेळ ठरलेली राहिली नाही. सुमनबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत, "सगळे आले का?" विचारत, आणि मगच टोल देत. उठून गेलेल्या दोन कुटुंबांपैकी एक परत आलं, एक आलं नाही. साळूबाई पुढे पिंपळगावातच राहिली, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला लागली, पल्लवीला शाळेत घातलं आणि रविवारी सुमनबाईंच्या हाताखाली चूल सांभाळू लागली. बाईंचे गुडघे गेले तशी चूल तिच्याकडेच आली.

दोन हजार आठ साल. सुमनबाई सत्तरीच्या. देवळ्याला भावाच्या नातीचं लग्न शनिवारी उरकलं. रविवारी सकाळी त्या परतीच्या एसटीत बसल्या, जेवणाला वेळेवर पोचायचं म्हणून. पण महामार्ग चौपदरी करायचं काम निघालेलं, सोग्रस फाट्यापाशी ट्रकांची रांग, आणि एसटी दीड तास जागची हलेना. बाई घड्याळ बघत राहिल्या. बारा. एक. मग त्यांनी बघणं सोडलं. साळूला त्यांनी दुपारपर्यंत येते म्हणून सांगितलं होतं, पण आता उपासना संपली असणार, मंडळी जेवून गेली असणार. पिंपळगावच्या स्टँडवर उतरून त्यांनी दोन केळी घेतली आणि पिशवीत टाकली. म्हाताऱ्या माणसाला तेवढी पुरतात.

काठी टेकत त्या शेडपाशी आल्या तर बाहेर चपलाच चपला. दार सताड उघडं. आत साठ-सत्तर माणसं ताटं पुढ्यात घेऊन बसलेली, ताटं कोरडी. पोरांच्या हातात केळ्याची सालं. दिनेशराव भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. आणि साळूबाई पातेल्याजवळ बसली होती, झाकणावर हात ठेवून.

सुमनबाई उंबऱ्यावरच थांबल्या. "अगं, रस्त्याचं काम," त्या सांगू लागल्या. "सोग्रसला ट्रकच ट्रक. दीड तास गाडी हलली नाही. मी तर सकाळी साडेदहालाच..."

साळूबाईनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एक शब्द बोलली नाही.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता हात धुवा."

सुमनबाईंना एवढं रडू आलं की हात धुवायला त्यांना कुणीतरी धरून न्यावं लागलं. पल्लवी आता सोळा वर्षांची होती. तिनं आजीच्या पाठीवरून हात फिरवत त्यांना पंगतीत जागा करून दिली आणि घंटा वाजवली. तेव्हा पावणेतीन वाजले होते.